बैल कुठे जातील?

फार जुनी गोष्ट नव्हे. एका शहरात नीळकंठराव नावाचे एक वृद्ध गृहस्थ राहत असत. त्यांना आयुष्यात एकच व्यसन जडले होते, ते पटावरच्या लढायांचे. मोठ्या टेबलावर हिरवे कापड अंथरायचे, त्याखाली जाडजूड पुस्तके सरकवून टेकड्या उठवायच्या, निळ्या पट्टीची नदी सोडायची आणि बोटाएवढे मातीचे शिपाई, घोडे, तोफा मांडून दोन पक्षांना समोरासमोर बसवायचे. कोण किती सरकला ते काठीने मोजायचे, झुंज लागली की फासे टाकायचे. नीळकंठराव स्वतः मात्र कधी खेळत नसत. ते पंच. लढाई रचणे आणि ती इतरांकडून लढवून घेणे, यातच त्यांचा आनंद होता.

दरवर्षी हिवाळ्यात त्या शहरात अशा खेळांचे संमेलन भरे. गावोगावचे शौकीन एका मंगल कार्यालयात जमत. मुख्य सभागृहात नव्या, झगझगीत खेळांची टेबले लागत. त्यांचे नियम गुळगुळीत कागदावर रंगीत छापलेले असत, एखाद्या कायद्याच्या पुस्तकाएवढे जाड. नीळकंठरावांचे टेबल मात्र वर्षानुवर्षे वधूपक्षाच्या खोलीत लागे. त्यांचे नियम त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी तरुणपणी मिळून लिहिले होते. टंकलेखन करून, सायक्लोस्टाइलवर काढलेली ती मोजकीच पाने होती. शाई फिकी झाली होती, टाचण्या गंजल्या म्हणून कुणीतरी ती दोऱ्याने शिवली होती. नव्या नियमांत ज्या गोष्टीला चार पाने लागत, तिला इथे एक ओळ असे. कित्येक गोष्टींना तीही नसे.

ऋजुता त्यांची शिष्या. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मैत्रिणीबरोबर ती सहज त्या खोलीत डोकावली, रिकामी खुर्ची दिसली म्हणून बसली, आणि संध्याकाळी आपली फौज धुळीला मिळाल्यावर इतकी हसली की पुढच्या वर्षी मैत्रिणीशिवाय आली. पुढे ती नीळकंठरावांच्या घरी जाऊ लागली, त्यांना काका म्हणू लागली. शिपाई रंगवायला शिकली, लढाया रचायला शिकली. नोकरी तिची एका कंपनीत, करारांचे मसुदे तपासण्याची. कुठल्या वाक्यात पळवाट राहिली आहे हे तिला एका नजरेत दिसे आणि ती बुजवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. नीळकंठरावांवर तिची माया होती. तिचे स्वतःचे वडील लवकर गेले होते. ही माया तिने कधी बोलून दाखवली नाही, पण काकांच्या चष्म्याचा नंबर तिला पाठ होता.

त्या वर्षी मात्र तिच्या मनाला एक घोर लागला होता. काका विसरू लागले होते. गॅसवर ठेवलेले दूध, शेजाऱ्यांची नावे, काल कोण येऊन गेले ते. त्यांच्या थोरल्या भावाचीही सुरुवात अशीच झाली होती, हे तिला माहीत होते. त्यात भर म्हणून संमेलनाच्या संयोजकाचा, सौमित्रचा, फोन आला. सौमित्र भला मुलगा होता. त्याने फार सांभाळून विषय काढला.

"ताई, राग मानू नका. पण मागच्या वर्षी काही जणांनी तक्रार केली. काकांना नियम विचारला की ते म्हणतात, आठवत नाही, तुम्हीच सांगा. पंचच असं म्हणायला लागला तर कसं व्हायचं? मी म्हणत होतो, यंदा शेवटच्या दिवशी त्यांचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, मानपत्र. आणि पुढच्या वर्षीपासून टेबल तुम्ही घ्या."

सत्कार म्हणजे काय हे ऋजुताला नीट कळले. ज्याला सन्मानाने घरी पाठवायचे असते, त्याच्या खांद्यावर शाल घालतात. ते टेबल काकांकडून गेले, तर काकांपाशी राहील काय? ती म्हणाली, "अजून काही ठरवू नकोस. मला एक संधी दे."

आणि ती कामाला लागली. त्या जुन्या नियमांची तिने नवी आवृत्ती करायला घेतली. जिथे जिथे मूळ पानांत मौन होते, तिथे तिथे तिने कलम घातले. दर रविवारी ती काकांसमोर बसे आणि विचारी, अमुक झाले तर काय करायचे? काका खुशीने सांगत. तोफेचे बैल ऐन झुंजीत बुजले तर? मूळ पानावर 'बैल बुजतात' एवढेच दोन शब्द होते. काका तत्काळ म्हणाले, "नदीत असतील तर प्रवाहाबरोबर खालच्या अंगाला जातात, असं आम्ही मानत होतो." तिने लिहून घेतले. आता काकांना काही आठवले नाही तरी बिघडणार नव्हते. सगळे कागदावर होते. काकांची लाज राहणार होती.

संमेलनाच्या पहिल्या दिवशी ऋजुताने स्वतः नवी आवृत्ती वापरून एक लढाई चालवली. ती घड्याळासारखी चालली. कुणी काही विचारले की ती कलम सांगे, विचारणारा मान डोलावी, खेळ पुढे सरके. ठरलेल्या वेळेच्या आधीच निकाल लागला. एकही वाद झाला नाही. खेळाडूंनी "छान झालं" म्हणून हात मिळवले आणि पुढच्या टेबलाकडे निघून गेले. मांडलेले शिपाई आवरताना तिला कुठेतरी चुटपुट लागली, पण ती कशाची हे तिला सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवशी वधूपक्षाच्या खोलीत नीळकंठराव उभे राहिले. लढाई होती एका कल्पित गडाच्या वेढ्याची. गडाखाली नदी, पलीकडून गडाच्या मदतीला येणारी फौज, आणि तिला अडवायला बसलेले शत्रूचे घोडदळ. मदतीच्या फौजेत एक सेनापती कमी पडत होता. दाराशी कुमुदताई बसल्या होत्या. यजमानांना या खेळांचे वेड, म्हणून त्या सोबतीला आलेल्या, पर्समधला पेपर काढून शब्दकोडे सोडवत होत्या. नीळकंठराव त्यांना म्हणाले, "वहिनी, आमच्या तोफखान्याला कोणी वाली नाही. येता का?"

"अहो, मला यातलं काही कळत नाही."

"तोफा आहेत, त्या बैल ओढतात. इतकं कळलं की झालं."

यजमान हसले, आणि बहुधा त्या हसण्यामुळेच कुमुदताई उठून टेबलापाशी आल्या.

खेळ सुरू झाला. ऋजुता काकांच्या मागे उभी राहिली, हातात नवी आवृत्ती घेऊन. थोड्या वेळाने गडाचा किल्लेदार झालेल्या तरुणाने विचारले, "काका, नदीवर चाललेली लढाई मला गडावरून दिसते का? मध्ये ही टेकडी आहे."

"आता मला नाही सांगता यायचं," नीळकंठराव कपाळाला हात लावून म्हणाले. "खाली वाकून बघा बरं."

तो तरुण गुडघ्यावर बसला आणि आपला डोळा त्याने मातीच्या गडाच्या तटाशी आणला. त्याचे पाहून शत्रूचा सेनापतीही वाकला. बघता बघता सगळे टेबलाभोवती गुडघ्यांवर बसून एक डोळा मिटून बघू लागले. "अर्धी दिसते," असा निवाडा झाला. "घोडे दिसतात, तोफा नाही." ऋजुताने ओठ दाबले. दृष्टिरेषेचे कलम तिच्या हातात तयार होते.

पुढे एका सरदाराचा फासा पालथा पडला आणि तो कामी आला. त्याचा झेंडा कुणी उचलायचा, यावर प्रश्न आला. पुन्हा काकांनी कपाळाला हात लावला. "काय बरं होतं ते?" पुन्हा टेबलावर गलका झाला. दारात उभ्या असलेल्या सौमित्रची आणि ऋजुताची नजरानजर झाली. त्याच्या नजरेत तक्रार नव्हती, कीव होती, आणि तीच तिला सहन झाली नाही.

मग ती वेळ आली. कुमुदताईंच्या तोफा नदीच्या मधोमध होत्या, बैल पोटापर्यंत पाण्यात. शत्रूचे घोडदळ घेऊन जयवंत नावाचा एक तरुण डॉक्टर समोरच्या काठावरून सुसाट खाली उतरला. फासा पडला. बैल बुजले. जुन्या पानावर तेवढेच दोन शब्द. कुमुदताईंनी चष्मा वर सरकवला आणि बैलांकडे टक लावून विचारले, "बुजले म्हणजे कुठे जातील हो हे?"

नीळकंठराव म्हणाले, "खरंच, कुठे जातील? मला आठवत नाही."

आता मात्र ऋजुताच्याने राहवले नाही. काकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेले उत्तर होते ते! ती पुढे झाली आणि मोठ्याने म्हणाली, "प्रवाहाबरोबर, खालच्या अंगाला. नवीन आवृत्तीत स्पष्ट दिलंय. हे बघा."

"असं का? बरं," कुमुदताई म्हणाल्या. त्यांनी बैलांवरची नजर काढून घेतली, खुर्चीत मागे टेकल्या आणि पेपर पुन्हा मांडीवर ओढला.

नीळकंठराव वळले. आवाज चढवला नाही, पण इतक्या वर्षांत ऋजुताने त्यांचा असा स्वर ऐकला नव्हता.

"ऋजुता, ती पानं या टेबलावर नाहीत. तू जरा सगळ्यांसाठी चहा सांगून ये."

सगळ्यांदेखत. ऋजुताचे कान तापले. ज्याच्यासाठी एवढे केले, त्यानेच तिला दाराबाहेर काढले होते. ती चहाच्या टेबलाकडे गेली, सांगायचे ते सांगितले आणि परत आत जाण्याचे धैर्य होईना म्हणून खोलीच्या दाराआड, लग्नातली तोरणे टांगतात त्या खांबाला टेकून उभी राहिली. डोळे भरून आले होते. आत काय चालले आहे, हे मात्र तिथून दिसत होते आणि ऐकूही येत होते.

नीळकंठराव कुमुदताईंच्या खुर्चीशेजारी जाऊन उभे होते. "वहिनी, तुम्ही त्यांच्याकडे बघत होता ना? काय दिसलं?"

कुमुदताई आधी संकोचल्या. मग पेपर खाली ठेवून हळूच म्हणाल्या, "मला नाही वाटत ते खाली वाहत जातील. जनावर घाबरलं की ओळखीच्या वाटेनं पळतं. आलं त्या वाटेनं. माझ्या माहेरी पाहिलंय मी."

"पण ताई," त्यांच्याच पक्षातला एक जण घाईने म्हणाला, "मागे आपलं पायदळ उभं आहे! बैल त्यांच्यातून गेले तर सगळी फळी मोडेल. खालच्या अंगालाच जाऊ द्या की. तो नियमही आहे म्हणे."

कुमुदताईंनी एकदा बैलांकडे पाहिले, एकदा आपल्या शिपायांकडे. "हो, मोडेल," त्या म्हणाल्या. "पण ते मागेच जातील हो. बिचाऱ्यांना काय ठाऊक, ते आपलेच शिपाई आहेत?" आणि त्यांनी आपल्याच हातांनी ते मातीचे बैल उचलले आणि आपल्याच फळीतून, एकेक शिपाई आडवा करत, मागे नेले.

समोरचा जयवंत म्हणाला, "थांबा. तोफगाडा असा उलटासुलटा, खडखडत निघाला, पाणी उडालं, तर माझे घोडे काय शांत उभे राहणार आहेत? तेही बिथरतील." त्याने आपले निम्मे घोडदळ काठावर मागे घेतले. त्यावर कुणीतरी "वा!" म्हणाले, कुणीतरी "हे काय, दोघंही हरायला बसलेत!" म्हणाले, आणि सगळी खोली हसू लागली. सर्वांत मोठ्याने कुमुदताई.

लढाई पुरी झालीच नाही. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा गड पडला नव्हता आणि सुटलाही नव्हता. पण कुणी उठेना. चहा आला, तो टेबलाभोवतीच प्यायला गेला. कुमुदताई यजमानांना बाही धरून समजावत होत्या, इथे पाणी, इथे चढ, आणि हे माझे बैल. जयवंत अजून गुडघ्यांवरच होता. ऋजुता दाराआडून हे बघत राहिली. कालच्या आपल्या टेबलावरून माणसे किती लवकर उठून गेली होती, हे तिला आठवले, आणि कालची चुटपुट कशाची होती तेही तिच्या ध्यानात येऊ लागले.

सगळे पांगल्यावर ती आत आली. दोघे मुकाट्याने शिपाई कापसात गुंडाळून पेटीत ठेवू लागले.

"रागावलीस?" नीळकंठराव म्हणाले.

"तुम्हाला आठवत होतं," ती म्हणाली. "बैलांचं तुम्हीच मला सांगितलं होतंत."

"आठवत होतं." त्यांनी हातातला घोडा बाजूला ठेवला. "तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे गं. जिथे बक्षिसाची ढाल मिळवायची असेल तिथे तेच वापरावं. पण आम्ही हे जुने नियम लिहिले तेव्हा आम्ही काही फार शहाणे नव्हतो. जे सुचलं नाही ते राहून गेलं. पुढे माझ्या लक्षात आलं, की जे राहून गेलंय तिथेच माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. एरवी सगळ्यांची नजर फाशावर. त्या वहिनींनी विचारलं तेव्हा त्यांना पाण्यात उभे असलेले बैल दिसत होते. मी उत्तर दिलं असतं की ते पुन्हा मातीचे झाले असते. उत्तर ठाऊक असणाऱ्याला एवढंच सांभाळायचं असतं, ऋजुता. आपण घाईनं बोललो की समोरच्याचं बघणं थांबतं."

ऋजुता हातातला बैल कापसात गुंडाळत म्हणाली, "मी घाबरले होते. मला वाटलं, तुम्ही खरंच विसरलात."

"तेही खोटं नाही." नीळकंठराव हसले, पण जरा थकून. "मला फार शहाणा समजू नकोस. आज जे प्रश्न आले, त्यातल्या एकाचं उत्तर मला खरोखर आठवलं नाही. कोणता, सांग बघू."

तिने आठवून पाहिले. गडावरून दिसणे की सरदाराचा झेंडा? प्रत्येक वेळी काकांनी तसाच कपाळाला हात लावला होता, आणि प्रत्येक वेळी टेबलाने आपला मार्ग काढला होता.

"नाही सांगता येत," ती म्हणाली.

"त्यांनाही नाही आलं. आणि खेळ काही अडला नाही." त्यांनी पेटीचे झाकण लावले. "विसरणं यायचं ते येतंय. मला त्याची भीती वाटत नाही असं मी म्हणणार नाही. दादाचं मी सगळं जवळून पाहिलंय. पण इथे सगळं मला एकट्यालाच आठवत असायला हवं असं नाही, हे दिसलं की जीव जरा थाऱ्यावर येतो."

तेवढ्यात सौमित्र दाराशी आला. काही वेळापूर्वीचा गलका त्यानेही ऐकला होता आणि कार्यालयाच्या दारात कुमुदताईंनी त्याला गाठून, पुढच्या वर्षी हा खेळ दोन दिवस ठेवता येईल का, असे विचारले होते. तो ऋजुताकडे बघून चाचरत म्हणाला, "ताई, ते उद्याच्या सत्काराचं..."

"सत्कार नको," ऋजुता म्हणाली. "पुढच्या वर्षी हे टेबल इथेच लागेल. काका असतील, मी त्यांच्या शेजारी उभी असेन."

"शाल आणलीच असेल तर दे बाबा," नीळकंठराव म्हणाले. "या खोलीत सकाळी फार गारठा असतो."

सौमित्र मनापासून हसला आणि खरोखरच शाल घेऊन आला. ती पांघरून नीळकंठराव निघाले. कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना ऋजुताने त्यांना हाताचा आधार दिला आणि न राहवून विचारले, "काका, आता तरी सांगा ना. कोणत्या प्रश्नाचं उत्तर खरंच आठवलं नव्हतं?"

नीळकंठराव पायरीवर थांबले. त्यांनी डोळे बारीक करून पुष्कळ विचार केला.

"तेही आता आठवत नाही," ते म्हणाले.

ते थट्टा करत होते की खरे सांगत होते, हे ऋजुताला ओळखता आले नाही. वर्षभर हेच न कळणे तिला छळत आले होते. आता तिने ते तसेच राहू दिले. काकांच्या हातातली पेटी काढून आपल्या हातात घेतली, आणि ते दोघे बोलत बोलत रिक्षा बघायला रस्त्यावर आले.